जुनं घर पाडायची घाई नको, आणि सुधारणा करताना क्रम चुकवायला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या घरबांधणीच्या पुरवणीत हल्ली एखाद्या तरी ‘ग्रीन’ इमारतीचा फोटो असतोच, मोठमोठ्या काचा, गच्चीवर सोलर पॅनल, बाल्कनीत झाडं, आणि खाली ती इमारत किती वीज वाचवते त्याचा आकडा. वाचायला छान वाटतं, पण हे वाचणारे आपण बहुतेक लोक राहतो कुठे, तर जुन्या घरांत. कुणाचं चाळीस-पन्नास वर्षांचं, कुणाचं शंभरी गाठलेलं. त्यांच्या हाती या लेखांतून काय लागतं, तर आपलं घर वाईट आहे आणि ते पाडून नवीन बांधलं की आपणही पर्यावरणासाठी काहीतरी केलं असं होईल. मला याच्या नेमकं उलट म्हणायचंय, आणि ते नीट मांडायचं म्हणून पत्र लांबलंय, सांभाळून घ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांप्रमाणे जगात ऊर्जेमुळे आणि उद्योगांमुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला साधारण 37 टक्के इमारतींच्या खात्यावर पडतो. हा आकडा सगळीकडे दिला जातो, पण त्याच्या पोटात दोन वेगळे हिशोब आहेत हे कुणी सांगत नाही. एक म्हणजे घर वापरताना लागणारी ऊर्जा, दिवे, पंखे, एसी, हीटर, गरम पाणी वगैरे. दुसरा म्हणजे घर उभं करतानाच खर्च झालेली ऊर्जा, म्हणजे सिमेंट, स्टील, काच, भाजलेल्या विटा आणि त्यांची वाहतूक. नुसतं सिमेंट धरलं तरी जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्याचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात जातो. जुन्या घराचा हा दुसरा हिशोब कधीच चुकता झालेला आहे, तो कार्बन हवेत जाऊन वर्षं झाली, आता ते घर पाडलं की ते सगळं मातीमोल आणि नव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून भट्ट्या पेटवायच्या. अमेरिकेच्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने याचा अभ्यास केला होता, त्यात निघालं की नवीन इमारत सरासरी जुन्या इमारतीपेक्षा 30 टक्के काटकसरी असली तरी बांधकामात झालेलं नुकसान भरून काढायला तिला 10 ते 80 वर्षं लागतात, कुठली इमारत आणि कुठलं हवामान त्यावर अवलंबून. हवामानबदल रोखायला आपल्याकडे वेळ किती आहे ते बघा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा. कार्ल एलेफांटे नावाचे अमेरिकन आर्किटेक्ट 2007 पासून सांगतायत की सगळ्यात हिरवी इमारत म्हणजे जी आधीच बांधून झालीये ती. युरोपियन कमिशनच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी 85 ते 95 टक्के इमारती 2050 सालीही उभ्याच असणार आहेत. म्हणजे नव्या इमारती कितीही हुशारीने बांधा, प्रश्न सुटणार की नाही ते जुन्या घरांत ठरणार.

आणि जुनं म्हणजे अंधारं, कोंदट, त्यात काही करता येत नाही हेही खरं नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात ग्रां पार्क म्हणून वसाहत आहे, तिथल्या 1960 च्या दशकातल्या तीन इमारतींतली 530 घरं लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीने आपल्या सहकाऱ्यांबरोबर सुधारली, काम 2017 च्या सुमाराला पूर्ण झालं. त्यांनी काय केलं तर काही पाडलं नाही, बाहेरच्या बाजूने प्रत्येक घराला काचेची मोठी बंदिस्त गॅलरी जोडली, जुन्या छोट्या खिडक्यांच्या जागी मोठी दारं केली. थंडीत ती गॅलरी ऊन साठवते, उन्हाळ्यात उघडली आणि पडदा ओढला की सावली देते, घर मोठं झालं, उजेड वाढला, ऊर्जा कमी लागायला लागली, आणि हे सगळं होत असताना माणसं आपापल्या घरातच राहत होती. आर्किटेक्टांसाठी सगळ्यात मानाचं समजलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक 2021 मध्ये या जोडीला मिळालं. तुमच्या पुरवणीत अशा कामाचा फोटो एकदा तरी यावा असं मनापासून वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. पाडू नका हे सांगणं सोपं आहे, पण सुधारायचं कसं यात सगळी गडबड होते आणि ती होते क्रमाची. लोकांचा उत्साह असतो, पैसेही घालायची तयारी असते, पण सुरुवात होते ती जाहिरातीत दिसलेल्या वस्तूपासून. सोलर बसवा, खिडक्या बदला, भिंतीला अमुक कोटिंग मारा. ताप कशाने आलाय ते न बघता औषध चालू करण्यासारखं आहे हे. घराला आधी काय झालंय ते बघायचं असतं.

जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षं आहे त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांनी बघितलेली सांगतो. एका जुन्या घराची भिंत, वीट आणि चुन्याची, खालून कमरेएवढी ओल चढलेली, रंगाचे पोपडे आणि त्याच्यामागे पांढरी कापसासारखी बुरशी दिसत होती. ती बुरशी नव्हतीच, बोट फिरवलं की चुरचुरायची, ते क्षार होते, भिंतीतलं पाणी बाहेर येऊन सुकलं की मागे राहतात ते. एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता आणि त्याने आतून-बाहेरून वॉटरप्रूफ कोटिंग आणि त्यावर फोमचे शीट असं कोटेशन दिलं होतं, घर गार राहील, बिल कमी येईल असं सांगून. भिंतीत पाणी कुठून येतंय हे त्याने विचारलंच नव्हतं. आम्ही बाहेर जाऊन बघितलं तर पावसाच्या पाण्याचा पाइप खालच्या जोडाशी फुटलेला आणि अंगणात नंतर फरशी घातल्यामुळे बाहेरची जमीन घराच्या जोत्याच्या वर आलेली, पाऊस पडला की पाणी सरळ भिंतीकडे. पाइप बदलला, फरशीचा ढाळ फिरवला, सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला आणि भिंत सुकायला सोडून दिली. सुकायला वेळ लागला, जाड भिंत काही आठवड्यांत सुकत नाही, पण सुकली. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता कितीतरी जास्त पळवते, त्यामुळे थंडीतला फरक तर नुसत्या सुकण्यानेच पडला. ते फोम त्या ओल्या भिंतीवर चिकटवलं असतं तर पाणी आतच कोंडलं असतं आणि तुळयांची टोकं कुजली असती.

हे मी विस्ताराने लिहितोय कारण जुन्या आणि नव्या भिंतीची कामाची पद्धतच वेगळी असते हे बहुतेकांना माहीत नसतं. आजची भिंत पाणी आत येऊच द्यायचं नाही या तत्त्वावर बांधतात. जुनी चुन्याची, मातीची, दगडाची भिंत पाणी थोडं आत घेते आणि ऊन-वारा लागला की सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकसारखा रंग चढवला की घेणं चालू राहतं, कुठल्यातरी भेगेतून पाणी शिरतंच, पण सोडणं बंद होतं. मऊ विटेच्या दरजा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की पाणी दरजेतून निघायच्या ऐवजी विटेतून निघतं आणि विटेचा चेहरा सोलून निघतो, जुन्या बांधकामांवर हे कुठेही बघायला मिळेल. म्हणून जुन्या भिंतीला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, करायचं असेल तर चुना, लाकडाच्या तंतूंचे बोर्ड, कॉर्क, हेम्प (भांगेच्या जातीचं झाड) आणि चुन्याचं मिश्रण असं श्वास घेणारं मटेरियल लागतं. स्वस्त फोम सगळीकडे चालत नाही.

इंग्लंडमध्ये प्रेस्टन शहराच्या फिशविक भागात साधारण 2013 च्या सुमाराला सरकारी योजनेतून जुन्या विटांच्या शेकडो घरांना बाहेरून इन्सुलेशन बसवलं होतं. हेतू उत्तम होता. पण काम निष्काळजीपणे झालं, छपराखाली आणि खिडक्यांच्या कडेला पाणी शिरायला वाट राहिली, आणि इन्सुलेशनमागच्या भिंती ओल्या होऊन घरांत बुरशी आली, लोकांची राहती घरं बिघडली. योजना मोठी, खर्च मोठा, आणि चूक मात्र कडांना पत्रा आणि सील नीट न बसवण्याएवढी. माझ्या मते या क्षेत्रात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच बारीक कामाकडे, कारण ते फोटोत दिसत नाही.

तर आधी पाणी. छप्पर, पन्हळी, पाइप, जोतं, बाथरूमची गळती. हे कोरडं झाल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मग हवा. थंड प्रदेशातलं घर असो नाहीतर एसी चालवायला लागणारं, जुन्या घरातली ऊर्जा मोठ्या प्रमाणात फटींतून जाते. दाराखालची फट, खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग, माळ्यावर जाणारा झाकणाचा चौकोन, पाइप भिंतीतून जातो तिथली मोकळी जागा, विजेच्या बोर्डामागचं भोक. वारा असेल त्या दिवशी खिडक्या-दारं बंद करून उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेने फिरवा (पडद्यांपासून सांभाळून), धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. व्यवस्थित करायचं तर ब्लोअर डोअर टेस्ट असते, दारात मोठा पंखा बसवून घरातल्या हवेचा दाब 50 पास्कलने (पास्कल हे दाबाचं माप) कमी करतात आणि किती हवा आत शिरतेय ते मोजतात, सोबत थर्मल कॅमेरा असला की फटी स्क्रीनवर रंगात दिसतात. फटी बुजवायला रबराची पट्टी, ब्रश, सीलंट एवढंच लागतं.

पण इथेच दुसरी चूक होते. फटी बुजवल्या की घराची हवा बदलायची जुनी सोय गेली, तिच्या जागी ठरवून केलेली सोय लागते. स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये बाहेर हवा फेकणारा पंखा, किंवा थंड हवामानात बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारं व्हेंटिलेशन. ज्या घरात गॅसची किंवा लाकडाची उपकरणं पेटतात तिथे तर हवा आत यायची वाट ठेवलीच पाहिजे, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. आणि ओलाव्याचा हिशोब असा आहे की 20 अंश तापमानाची आणि 50 टक्के आर्द्रतेची हवा साधारण 9 अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिच्यातलं पाणी तिथे जमतं. थंडीत कोपऱ्यात, कपाटामागे, स्लॅब आणि भिंत जुळते तिथे एवढा गारवा सहज असतो, बुरशीचा काळा डाग बरोबर तिथेच पडतो. भिंतीला आतून इन्सुलेशन लावलं की मूळ भिंत आणखी गार होते आणि हेच पाणी इन्सुलेशनच्या मागे, डोळ्याआड जमायला लागतं. म्हणून आतून काम करायचं तर जाणकाराकडून हिशोब करून घेतल्याशिवाय करू नये, कोण काहीही म्हणो.

त्यानंतर छप्पर आणि ऊन. गरम हवामानात मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी खर्चात आहे. काँक्रीटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खाली सोडत राहते, वरच्या मजल्यावरच्या माणसाने झोपायच्या वेळी छताला हात लावून बघावा, अजून कोमट लागतं. गडद रंगाचं छप्पर उन्हात 65 अंशांच्या वर जाऊ शकतं आणि परावर्तक पांढरं छप्पर त्याच उन्हात 25-30 अंशांनी कमी तापू शकतं. रंग मात्र स्वच्छ ठेवावा लागतो, धूळ बसली की परिणाम उतरतो. थंड हवामानात उलटं, तिथे माळ्यावर खनिज लोकर किंवा कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज चांगलं जाड अंथरणं हे पहिलं काम, कारण गरम हवा वर जाते आणि माळ्यावर काम करायला भिंतीइतकी तोडफोड करावी लागत नाही. खिडकीवरच्या उन्हाला काचेच्या बाहेरच अडवायचं असतं, एकदा ऊन काचेतून आत आलं की मग आतला पडदा कितीही जाड असो, बरीचशी उष्णता घरातच राहिली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे बाहेरच्या छज्ज्याने किंवा कापडी झडपेने उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून येणारी सूर्याची उष्णता 65 टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारी 77 टक्क्यांपर्यंत कमी होते. जुन्या लोकांनी छज्जे, व्हरांडे, झडपा, जाळ्या उगाच नव्हत्या केल्या, आणि आपण नूतनीकरण म्हणून आधी त्याच काढून टाकतो याचं फार वाईट वाटतं.

खिडक्या बदलायच्या की नाही यावर लोक फार अडकतात. जुन्या लाकडी खिडकीचं लाकूड बऱ्याचदा आज मिळणाऱ्या लाकडापेक्षा घट्ट असतं, दुरुस्त होतं, तिला आतून दुसरी काच बसवता येते. मग फायदा जवळपास डबल ग्लेझिंगचा, म्हणजे दुहेरी काचेच्या नव्या खिडकीचा, आणि कचरा शून्य. चौकट कुजलेलीच असेल तर बदला, नाहीतर दुरुस्ती आधी.

किरकोळ गोष्टी किरकोळ म्हणून सोडू नका. एलईडी दिवा जुन्या तारेच्या बल्बपेक्षा निदान 75 टक्के वीज वाचवतो. साधा छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा 30 च्या आसपास. गरम पाण्याच्या उघड्या पाइपांना फोमची नळी घालणं, नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी) लावणं, जुन्या 12-13 लिटरच्या फ्लशच्या जागी सहा आणि तीन लिटरचा दोन बटणांचा फ्लश, ही कामं भाड्याच्या घरातसुद्धा होतात. 

आणि हे सगळं झाल्यावर सोलर आणि हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घेऊन घर गरम करणारं यंत्र. यांच्या विरोधात मी अजिबात नाही. हीट पंप एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता देतो, याच्याइतकं चांगलं यंत्र दुसरं नाही. पण तो फार गरम नसलेल्या पाण्यावर उत्तम चालतो, फटींतून उष्णता जाणाऱ्या घराला तेवढं कोमट पाणी पुरत नाही, मग मोठं मशीन घ्यावं लागतं, ते जास्त वीज खातं आणि लोक म्हणतात हीट पंप बेकार. आधी घर घट्ट केलं तर लहान मशीन पुरतं. सोलरचंही तेच, पॅनल 25 वर्षं राहतं, त्याच्याखालची गच्ची तितकी वर्षं गळणार नाही याची खात्री आधी, नाहीतर सगळं उतरवून पुन्हा वॉटरप्रूफिंग. जुन्या लाकडी छपराला तो भार आणि वाऱ्याची ओढ झेपेल का हे स्ट्रक्चरल इंजिनियरने बघायला हवं. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांची मानकं ठरवणाऱ्या जर्मनीतल्या पॅसिव्ह हाउस इन्स्टिट्यूटने जुन्या घरांसाठी एनरफिट नावाचं वेगळं मानक ठेवलंय, थंड-समशीतोष्ण हवामानात नव्या घराला वर्षाला दर चौरस मीटरमागे गरम करण्यासाठी 15 किलोवॉट-तास ही मर्यादा असेल तर जुन्याला 25. म्हणजे जुन्या घराकडून अशक्य अपेक्षा धरलेली नाही, आणि हे काम टप्प्याटप्प्याने, पैसे येतील तसं करायला त्यात मुभा आहे.

घाईबद्दल मात्र कडक लिहितो, कारण इथे माणसं गेलीयेत. ऑस्ट्रेलियात 2009 साली सरकारने घरांच्या माळ्यावर फुकट इन्सुलेशन बसवायची मोठी योजना काढली, दहा लाखांहून जास्त घरांत काम झालं, पण नवख्या पोरांना धड ट्रेनिंग न देता माळ्यावर चढवलं आणि चार तरुण कामगार मेले, त्यातले तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्णतेने. 2010 मध्ये योजना बंद करावी लागली. लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवरला 2016 मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात बाहेरून इन्सुलेशन आणि वर प्लास्टिकचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लावले होते, 14 जून 2017 ला लागलेली आग त्या आवरणावरून वर चढली आणि 72 माणसं गेली. ही उदाहरणं ऐकून कुणी इन्सुलेशनच नको म्हणू नये, पण मटेरियल जळतं की नाही हे विचारल्याशिवाय भिंतीला काही चिकटवू देऊ नये. तसंच जुन्या घरात ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइपांवरचं जुनं वेष्टण, शिशाचे रंग असू शकतात, ते कापणं-घासणं घरच्या घरी करू नका, आणि मिस्त्रीलाही करायला लावू नका, ती धूळ त्याच्या फुफ्फुसात जाते.

भाडेकरूंचं दुःख वेगळंच आहे. बिल भरतो भाडेकरू, भिंत घरमालकाची, मालकाला खर्च करून फायदा नाही आणि भाडेकरूला करायचा अधिकार नाही. अनुदानं काढणाऱ्यांनी हा गुंता सोडवला पाहिजे, आणि माझ्या मते अनुदान वस्तूला देण्याआधी तपासणीला द्यावं. कामाआधी एकदा आणि काम झाल्यावर एकदा, दोन्ही वेळा विक्रेत्याशी संबंध नसलेल्या माणसाकडून. आणि चुन्याचं काम, कडांचं सीलिंग, हवेची टेस्ट येणारे कारागीर तयार करायला पैसे ठेवावेत, आज ते शोधून सापडत नाहीत.

तुमच्याकडे मागणी एवढीच आहे की पुरवणीतली थोडी जागा नेमाने जुन्या घरांना द्या, वाचकांचे प्रश्न घ्या आणि उत्तरं वस्तू न विकणाऱ्या इंजिनियरकडून, आर्किटेक्टकडून लिहून घ्या. आणि वाचकांना एक सांगा, घरात जे काम कराल त्याची फाइल ठेवा. कुठल्या भिंतीत कुठलं मटेरियल, किती जाडीचं, पाइप कुठून गेलाय, भिंत बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बेल्जियमच्या फ्लांडर्स भागात 2018 पासून प्रत्येक घराचा असा डिजिटल पासपोर्ट मिळतो. आपली साधी वही असली तरी चालेल, तुमच्यानंतर त्या घरात काम करणाऱ्या माणसाला भिंत फोडायच्या आधी ती उघडता आली पाहिजे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक